जैव उत्तेजक फवारताना चार ओळी कोऱ्या सोडा

संपादक महोदय,

हरितगृहातल्या टोमॅटो, काकडी आणि ढोबळी मिरचीसाठी जैव उत्तेजकांची वेळापत्रके शेतीविषयक सदरांतून नेहमी छापून येतात. दहाव्या दिवशी ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातले आम्ल), पंधराव्या दिवशी समुद्री शेवाळाचा अर्क, पंचविसाव्या दिवशी अमिनो ॲसिड आणि मग पुन्हा पहिल्यापासून. पीक कोणत्या अवस्थेत आहे, आत दुपारी किती तापते, मुळे पांढरी आहेत की तपकिरी, हे त्यात कुठेच विचारलेले नसते. आमचे म्हणणे असे की जैव उत्तेजक विशिष्ट ताणासाठी, त्या ताणाच्या आधी द्यावे आणि प्रत्येक वेळी काही ओळी त्याच्याशिवाय ठेवाव्यात. कोऱ्या ओळी नसतील, तर दिसलेला फरक बाटलीमुळे पडला, हवेमुळे की खतामुळे, हे सांगायला कुणाकडेही काही आधार उरत नाही.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. युरोपीय संघाचा २०१९/१००९ क्रमांकाचा खतविषयक नियम १६ जुलै २०२२ पासून लागू झाला. त्यात जैव उत्तेजकाची व्याख्या घटकांवरून केलेली नाही, कामावरून केली आहे: अन्नद्रव्यांचा वापर सुधारणे, उष्णता, थंडी, क्षार, पाणीटंचाई असे अजैविक ताण सोसायला मदत करणे, मालाची प्रत सुधारणे आणि मातीत किंवा मुळांभोवती अडकलेली अन्नद्रव्ये उपलब्ध करणे. भारतात खत नियंत्रण आदेशात फेब्रुवारी २०२१ मध्ये जैव उत्तेजकांचा समावेश झाला. खत म्हणून मोजावे इतके अन्न त्यात नसते आणि कीड-रोगाचे औषध म्हणून ते विकता येत नाही. या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या असल्या की निम्मा गोंधळ संपतो.

आता थोडे आकडे. अमिनो ॲसिडच्या द्रव उत्पादनात ३ टक्के नत्र आहे असे धरा. लिटरला अडीच ग्रॅम प्रमाणे १०० लिटर पाणी १००० चौरस मीटरवर फवारले, तर पिकाला मिळालेले नत्र होते साडेसात ग्रॅम. त्याच जागेत टोमॅटोचे १० टन उत्पादन घ्यायचे, तर पीक सुमारे २५ किलो नत्र उचलते. म्हणजे अमिनोची फवारणी केली म्हणून विद्राव्य खत कमी करणे हा हिशेबच चुकीचा. ह्युमिकचेही तसेच. १००० चौरस मीटरच्या वाफ्यांत १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत साधारण १९० ते २०० टन माती असते. सेंद्रिय कर्ब १ टक्का असला, तरी तो जवळपास दोन टन झाला. एक किलो ह्युमेट (ह्युमिकचा क्षार) पावडरीतून अर्धा किलोसुद्धा कर्ब येत नाही. ‘ह्युमिकने सेंद्रिय कर्ब वाढतो’ असे ज्या सल्ल्यात लिहिलेले असेल, त्याच्या शेजारी हा गुणाकार छापावा. ह्युमिकचा जो काही उपयोग होतो तो मुळांची वाढ आणि लोह-जस्तासारख्या सूक्ष्म अन्नद्रव्यांची उचल यांत, आणि तोही मुळे तरुण असताना जास्त.

हरितगृहात सर्वांत मोठा ताण उष्णतेचा. टोमॅटोत दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांवर गेले आणि रात्रही तापलेली राहिली, की परागकण निकामी होतात. फूल येते, फळ धरत नाही. मेलेला परागकण कुठल्याही अर्काने जिवंत होत नाही. सावलीची जाळी, छताची व बाजूची झडप आणि फॉगर (धुक्यासारखे बारीक तुषार सोडणारे नोझल) यांनी तापमान उतरवणे हे पहिले काम. ते करूनही दोन-चार अंश जास्तच राहणार असतील, तेव्हा समुद्री शेवाळाचा अर्क किंवा ग्लायसिन बीटेन (ताणात पेशीतले पाणी सांभाळणारे संयुग) यांना जागा आहे. टोमॅटो स्वतः ग्लायसिन बीटेन साठवत नाही, म्हणून ते बाहेरून देण्याला तिथे काही अर्थ आहे. पण ते उष्णतेची लाट येण्याच्या दोन-तीन दिवस आधी द्यावे लागते. झाडाने आतली तयारी करायला तेवढा वेळ हवा. दुपारी माना टाकलेल्या झाडावर फवारलेले द्रावण पानावर वाळते आणि क्षाराचे डाग तेवढे मागे ठेवते. प्रकाश कमी पडणाऱ्या दिवसांत तर बाटलीकडे हातच नेऊ नये. छताचा प्लास्टिक कागद धुतला, तर त्याहून जास्त मिळते.

सर्वांत जास्त चुका मात्रेत होतात, म्हणून इथे थोडे थांबतो. लेबलवर ‘हेक्टरी अडीच लिटर’ असते. १००० चौरस मीटरला त्याचे २५० मिली झाले. पीक पुरुषभर उंच असेल, तर १०० लिटर पाणी लागते आणि द्रावण लिटरला अडीच मिलीचे होते. पीक गुडघ्याएवढे असेल, तर ४० लिटरातच सगळी पाने भिजतात. तेव्हाही २५० मिली ओतले, तर द्रावण लिटरला सव्वासहा मिलीचे झाले, आणि पानांच्या कडा करपल्या की दोष उन्हाला दिला जातो. लहान पिकात मात्रा लिटरवर धरावी, मोठ्या पिकात क्षेत्रावर. दोन्ही आकडे काढून त्यांतला कमी घ्यावा.

उघड्या शेतातली मात्रा आत तशीच्या तशी वापरणेही धोक्याचे. वारा नाही, अतिनील किरण गाळलेले, दमट हवा. अशा ठिकाणी वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो. त्यातून द्रावण जास्त शिरते, तसा क्षारही जास्त शिरतो. नवे उत्पादन आधी निम्म्या मात्रेने दहा झाडांवर फवारून तीन दिवस पाहावे. सिलिकॉनयुक्त स्प्रेडर (द्रावण पानावर पसरवणारा पदार्थ) असेल, तर विशेष जपावे. कोवळ्या काकडीच्या पानावर तो उत्पादनाच्या आधी स्वतःच इजा करतो.

फवारणी सकाळी, झडपा पूर्ण उघडण्याआधी, आत २८ अंशांच्या खाली तापमान आणि पुरेशी आर्द्रता असताना करावी. द्रावण हळूहळू वाळले पाहिजे, पण दुपारच्या आत वाळलेच पाहिजे. संध्याकाळी फवारून पाने रात्रभर ओली ठेवली, तर टोमॅटोवर करडी बुरशी आणि काकडीवर केवडा यांना आपणच आवतण देतो. नोझल खालून वर धरावे, कारण या पिकांच्या पानांच्या खालच्या बाजूला पर्णरंध्रे जास्त असतात. पाण्याचा सामू (पीएच) आधी मोजून साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणावा. मात्र काही उत्पादने मुळातच अल्कधर्मी असतात. अॅस्कोफायलम नोडोसम या तपकिरी शेवाळाचा अर्क बहुधा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरून काढतात. तो टाकला की सामू पुन्हा चढतो. म्हणून सामू पाण्याचा आणि तयार द्रावणाचा, असा दोनदा मोजावा. या अर्कात पालाशही असते, हे पुढे तुलनेच्या ओळींसाठी लक्षात ठेवावे लागेल.

‘अमिनो ॲसिड’ हा एक शब्द फार वेगवेगळ्या वस्तू झाकतो. प्राण्यांच्या कातड्यातील कोलाजेन तीव्र आम्लात शिजवून बनवलेल्या मालात ग्लायसिन आणि प्रोलिन भरपूर असतात, ट्रिप्टोफॅन नष्ट झालेले असते, आणि आम्ल उदासीन केल्यामुळे क्लोराइड व सोडियम शिल्लक राहू शकते. वनस्पतिजन्य प्रथिने विकरांनी तोडून केलेल्या मालात लहान पेप्टाइड (अमिनो ॲसिडच्या छोट्या साखळ्या) जास्त, क्षार कमी. लेबलवर ‘एकूण अमिनो ॲसिड’ आणि ‘मुक्त अमिनो ॲसिड’ हे दोन वेगळे आकडे असतात. कच्चा माल व विघटनाची पद्धत लिहिलेली नसेल, तर ती विचारावी. घरच्या घरी करता येणारी तपासणी म्हणजे ईसी, म्हणजे विद्युतवाहकता; तिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात. नुसत्या पाण्याचा ईसी घ्या, लेबलच्या मात्रेचे द्रावण करून पुन्हा घ्या. वाढ थोडी असेल, तर ठीक. ईसी एकदम एक-दीड मिलिसीमेन्सने चढला, तर त्या बाटलीत उत्तेजकापेक्षा क्षार किंवा खत जास्त आहे, आणि आठवड्यात आलेला हिरवेपणा त्याचाच असू शकतो.

अमिनोयुक्त उत्पादन तांब्याच्या बुरशीनाशकात मिसळू नये. अमिनो ॲसिड तांब्याला धरून पानाच्या आत नेते आणि मग पान जळते. गंधक आणि खनिज तेल यांच्याबरोबरही मिसळू नये. कोणतेही मिश्रण टाकीत करण्याआधी एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत, त्याच पाण्यात, त्याच प्रमाणात करून अर्धा तास आणि पुन्हा दोन तासांनी पाहावे. गाठी, तळाशी गाळ, फेस किंवा बाटली गरम लागणे, यांतले एकही दिसले तर ते मिश्रण रद्द.

ठिबकातून द्यायचे, तर ह्युमिकचे एक वैशिष्ट्य माहीत हवे. ह्युमिक ॲसिड अल्कधर्मी पाण्यात विरघळते, आम्लात साका होऊन खाली बसते. त्याच्याच जातीचे फुल्विक ॲसिड दोन्हींत विरघळते. कॅल्शियम नायट्रेटच्या टाकीत ह्युमेट टाकले, तर कॅल्शियमशी त्याच्या गाठी होतात. आम्लाच्या टाकीत टाकले, तर साका होतो. दोन्ही वेळा ड्रिपर तुंबतात. म्हणून ह्युमेटला तिसरी, वेगळी टाकी हवी, आणि त्या फेरीत कॅल्शियम व आम्ल दोन्ही बंद. द्रावण सोडून झाले की नुसते पाणी दहा-पंधरा मिनिटे चालवावे. नळ्या साफ करायला आम्ल सोडण्याची सवय चुन्यासाठी बरोबर आहे. ह्युमिकचा साका आम्लाने विरघळत नाही, उलट तिथेच बसतो. ताशी २ लिटरचा ड्रिपर असेल, तर सहा मिनिटांत २०० मिली पाणी पडायला हवे. ह्युमिक सुरू करण्याआधी दहा ड्रिपरखाली डबे ठेवून मोजावे, महिन्याने पुन्हा मोजावे. सरासरी १८० मिलीच्या खाली आली, तर आधी नळ्या, मग उत्तेजक.

कोकोपीटमध्ये आणखी एक अडचण आहे. दिवसाच्या पाण्यातला २० ते ३० टक्के भाग निचऱ्यात जातो. सकाळी सोडलेले उत्पादन दुपारच्या फेऱ्यांबरोबर वाहून जाते आणि निचऱ्याचे पाणी पुन्हा वापरत नसाल, तर ते गेलेच. त्यामुळे मुळांना द्यायचे उत्तेजक दुपारनंतरच्या शेवटच्या एक-दोन फेऱ्यांत, निचरा कमी असताना द्यावे, म्हणजे रात्रभर ते मुळांजवळ राहते.

सूक्ष्मजीवांची उत्पादने वेगळ्या शिस्तीची. ट्रायकोडर्मा ही बुरशी असो की बॅसिलस हा जिवाणू, क्लोरीनचे पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलेली नळी किंवा तांब्याचे बुरशीनाशक वापरलेली टाकी यांतून ते जाऊ नये. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक ट्रायकोडर्माला मारते. दोन्ही एकाच आठवड्याच्या वेळापत्रकात छापलेली असली, तर एक खर्च वाया गेला. लेबलवरची सूक्ष्मजीवांची संख्या उत्पादनाच्या दिवसाची की मुदत संपतानाची, हे पाहावे. मायकोरायझा, म्हणजे मुळांशी सहजीवन करणारी बुरशी, हिच्याबद्दल दोनच गोष्टी: कोबी, फ्लॉवर, ब्रोकोलीच्या कुळात आणि पालक-बीटाच्या कुळात तो मुळांशी जुळत नाही, त्यामुळे तिथे देऊच नये, आणि द्रावणातून भरपूर स्फुरद मिळत असेल, तर टोमॅटोची मुळेही त्याला फारशी जागा देत नाहीत. द्यायचा तर रोपवाटिकेत, मुळांना चिकटेल असा.

सिलिकॉनला काकडी चांगला प्रतिसाद देते, टोमॅटो फारसा देत नाही. मातीविना लागवडीत काकडीला लिटरमध्ये ०.७५ मिलिमोल, म्हणजे सुमारे २१ मिलिग्रॅम सिलिकॉन देण्याची शिफारस आहे आणि त्याने भुरीचा जोर कमी होतो. पोटॅशियम सिलिकेटच्या मूळ द्रावणाचा सामू ११ च्या वर असतो. ते घट्ट खतद्रावणात ओतले की जेली होते. आधी भरपूर पाण्यात ते, मग सामू उतरवणे, मग बाकीचे. काकडीच्या फळावरचा पांढरट थर म्हणजे मुख्यतः सिलिकाच असते. चकचकीत काकडीसाठी निवडलेले खुंट सिलिकॉन कमी उचलतात, त्यामुळे अशा खुंटांवर कलम केलेल्या काकडीत या खर्चाचा परतावा कमी.

एक गंभीर गोष्ट. काही मालात न लिहिलेली वाढ संप्रेरके किंवा कीडनाशके मिसळलेली सापडतात. फवारणीनंतर दोन-तीन दिवसांत पेरे अचानक लांबणे, टोमॅटोची पाने दोरीसारखी पिळवटणे, पीक एकाएकी गडद आणि बुटके होणे, किंवा ‘उत्तेजका’ने फुलकिडे मरणे, यांतले काही दिसले तर वापर थांबवावा आणि उरलेली बाटली सीलबंद ठेवून नमुना तपासणीला द्यावा. फुलकिडे मेले म्हणून आनंद मानू नये. हरितगृहातली काकडी दर दोन दिवसांनी तोडली जाते. त्या अघोषित औषधाचा काढणीपूर्व कालावधी कुणालाच माहीत नसतो आणि अवशेष थेट खाणाऱ्याच्या ताटात जातात.

आता कोऱ्या ओळींविषयी. ‘अर्ध्या घरात दिले, अर्ध्यात नाही’ ही तुलना हरितगृहात फसते. पॅड (हवा गार करणारा ओला पडदा) आणि पंखा असलेल्या घरात पॅडची बाजू थंड, पंख्याची बाजू काही अंशांनी गरम असते. नैसर्गिक वायुवीजनाच्या घरात कडेच्या ओळी वेगळ्या वागतात. म्हणून घराचे चार गट करावेत, प्रत्येक गटात उष्णतेच्या दृष्टीने सारख्या दोन ओळी निवडाव्यात आणि कोणत्या ओळीला उत्पादन द्यायचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे. हाताने निवडले, की चांगली ओळ नकळत उत्तेजकाकडे जाते. प्रत्येक ओळीत १२ ते १५ झाडे मोजायची, टोकाची दोन-दोन सोडून. कोऱ्या ओळीवरही तेवढेच पाणी, त्याच सामूचे, त्याच स्प्रेडरसह फवारायचे, कारण पान भिजून गार होण्याचा फायदा नुसत्या पाण्याचाही असतो. शेजारच्या ओळीवर तुषार उडू नयेत म्हणून फवारताना मध्ये प्लास्टिकचा पडदा धरावा. उत्पादनात पालाश किंवा नत्र असेल, तर प्रत्येक गटात तिसरी ओळ ठेवून तिला तेवढेच पालाश-नत्र साध्या खतातून द्यावे. आमच्या मते, ही तिसरी ओळ वगळल्यामुळेच अनेक ‘यशस्वी’ निकाल चुकीचे वाचले जातात.

नोंद कशाची करायची? पानांचा रंग आणि झाडाची उंची डोळ्यांना पटकन दिसतात, पण त्यांवर पैसे मिळत नाहीत. टोमॅटोत शेंड्याखाली १५ सेंटिमीटरवर खोडाची जाडी दर आठवड्याला मोजावी. १० ते १२ मिलिमीटर म्हणजे समतोल, त्याहून जाड म्हणजे पीक पानांकडे झुकले आहे आणि अशा वेळी अमिनो दिल्याने फुलोरा आणखी मागे पडेल. प्रत्येक घोसातली धरलेली फळे, प्रतवारीनुसार वजन, तडकलेली आणि बुडाशी काळी पडलेली फळे वेगळी लिहावीत. किमान सहा घोस पूर्ण होईपर्यंत बेरीज करू नये.

चार गटांतल्या निकालाकडेही सावधपणे पाहावे. पाच टक्क्यांचा फरक एवढ्या लहान चाचणीत ओळखू येत नाही. ओळी-ओळींत तेवढा फरक काहीही न देता पडतो. चारही गटांत दिलेलीच ओळ पुढे राहिली, तरी निव्वळ योगायोगाने तसे १६ वेळांतून एकदा घडते. तीच चाचणी पुढच्या पिकात केली आणि आठपैकी आठ वेळा तीच बाजू वरचढ ठरली, तर योगायोगाची शक्यता २५६ त एक इतकी उतरते. तेव्हा त्या उत्पादनावर पुढच्या हंगामाचा खर्च करायला आधार मिळाला.

आपल्या सदरांत यापुढे जैव उत्तेजकाची शिफारस छापताना त्यासोबत कच्चा माल, घटकांचे प्रमाण, लिटरची आणि क्षेत्राची अशा दोन्ही मात्रा, कोणत्या ताणासाठी आणि किती दिवस आधी, एवढी माहिती असावी, ही विनंती. आणि ज्यांच्या कोऱ्या ओळी दिलेल्या ओळींइतक्याच भरल्या, त्यांचे आकडेही तेवढ्याच ठळकपणे छापावेत.

— हरितगृह भाजीपाल्याचे अभ्यासक